बपेऱ्याचं गवत आणि ग्लॉकस

माझी माय मासे विकायची, पण पैशावर कमी आणि धानावर जास्त. डोक्यावर टोपली घेऊन लाखांदूरच्या आतल्या गावांमधून फिरायची. कोणी पायलीत धान ओतायचं, त्याच्या बदल्यात माय झिंगे द्यायची, एखादी मरळ द्यायची. आम्ही ढिवर. शेत आमचं नाही, तलाव आमचा. तलावात मासा असला की घरात भात शिजायचा, इतका सरळ हिशेब होता.

मग टोपलीतली मरळ गेली, शिंगूर गेली, शेवटी झिंगेही जेमतेम तळाला दिसायचे. बाबांनी जाळं खुंटीला टांगलं आणि नागपूरला मिस्त्रीच्या हाताखाली विटा उचलायला गेले. माय उन्हाळ्यात मोहफुलं वेचायची, तेंदूची पानं तोडायची. मी शाळेत जायची तेव्हा माझ्या बाकावरच्या मुलीला माझ्या दप्तराचा मासळीचा वास यायचा, आणि गंमत अशी की घरी मासा नव्हता. वास तेवढा राहून गेला होता.

तरी मी शिकले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. हे सांगायला मला लाज नाही, कोणी नाही विचारलं तरी मी सांगते.

पदवी घेऊन मी गावी परत आले आणि गवत आणायला निघाले. त्याचीच ही हकिकत. आमच्या भागात कधी न आलेल्यांसाठी लिहिते आहे, म्हणून थोडं मागचं सांगते. तलाव साफ करायचा म्हणून काही वर्षांपूर्वी त्यातलं सगळं पाणगवत उपटून टाकलं. मोकळ्या जागेत बेशरमीचं झुडूप माजलं. जास्त वजन देतो म्हणून बाहेरचा गवत खाणारा मासा सोडला, त्याने उरलंसुरलं संपवलं, मग तोही विकून संपला. देशी मासा अंडी घालतो ती गवताच्या बुडाशी. गवत गेलं, मासा गेला. तोवर मच्छीमार संस्थेतली माणसं थकली होती. तलाव बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचा, असं जवळपास ठरलं होतं. एकदा तो गेला की आम्ही आमच्याच पारीवर, तलावाच्या बांधावर, पाहुणे.

संस्थेच्या बैठकीत मी उठून बोलले. म्हटलं, एका बाजूला, देवळाकडच्या कोपऱ्यात, आम्हा बायांना गवत लावू द्या. एक हंगाम पाहा. मग एक काका म्हणाले, "बी.ए. झाली अन् गवत लावून राहिली." सगळे हसले. पण हंगाम मिळाला. गवत जगलं तर तलाव आमचा, नाही जगलं तर ठेका. बाबा नागपूरहून आले होते, भिंतीला टेकून बसले होते. ते ना हसले, ना बोलले. त्यांचं ते न बोलणं प्रवासभर माझ्यासोबत होतं.

आणि सोबत ग्लॉकस होता.

ग्लॉकस हा ग्रीक लोकांचा समुद्रदेव. मोठ्यांतला नाही, अगदी कोपऱ्यातला. कॉलेजच्या ग्रंथालयात एका फाटक्या पुस्तकात मला त्याचं चित्र सापडलं. दाढीला शेवाळ, छातीवर शिंपले चिकटलेले, कमरेखाली माशाची शेपटी. मला तो पाहून बाबा आठवले. जाळं ओढून पाण्याबाहेर निघताना ते तसेच दिसायचे, शेपटी सोडून. मी अजून समुद्र पाहिलेला नाही, पण हा देव मला घरचा वाटतो, कारण देव होण्याआधी तो मच्छीमार होता.

करडी

आषाढ लागला होता आणि सगळीकडे रोवणीची, धानाच्या लावणीची, धावपळ. कोणालाच सवड नव्हती, म्हणून माझ्यासोबत मोठमाय आली. मोठमाय म्हणजे बाबांची मोठी वहिनी. पाण्यात हात घालून, न बघता, बोटांनी गवत ओळखणारी. तिने पिशवीत पोती, दोरी आणि विळा घेतला. लाखांदूरच्या स्टँडवर कंडक्टरने विळ्याकडे पाहिलं. "बाई, कोणाले कापाले निघाल्या?"

"तिकीट जास्त लावशीन तं तुलेच," मोठमाय म्हणाली आणि खिडकीची जागा धरून बसली.

करडीला मोठमायची लेक शेवंताताई दिलेली आहे, तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी बपेरा. तिथल्या तलावात अजून जुनं गवत आहे, असं फोनवर ऐकलं होतं. ऐकलं होतं, एवढंच. तिथे पोचल्यावर तिथेही बेशरमच दिसली तर? मी सारखी फोन काढून पाहत होते. मोठमायला ते सहन होईना.

"तो फोन ठेव. तुह्या त्या देवाची गोष्ट सांग."

मी सांगितली. अँथेडॉन नावाच्या किनाऱ्यावरच्या गावी ग्लॉकस मासे धरायचा. एक दिवस त्याने मेलेले मासे गवतावर टाकले, तर ते तडफडू लागले, सरपटत गेले आणि पाण्यात पसार.

"मरळ असंल," मोठमाय म्हणाली.

मी हसले, कारण कॉलेजात मीही तेच म्हटलं होतं. मरळ पाण्याबाहेर कितीतरी वेळ जगते, ओल्या गवतावरून सापासारखी सरकत तलावात परत जाते, हे आमच्याकडच्या लहान पोरांनाही माहीत असतं. वर्ग माझ्यावर हसला होता. मॅडम हसल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं होतं, "मग या गोष्टीचं तात्पर्य काय?" पुस्तकात लिहिलं होतं की अनोळखी वस्तूचा मोह धरू नये. मी म्हटलं, गवत जिवंत तर मासा जिवंत. मॅडमनी ते फळ्यावर लिहिलं होतं.

"मंग त्यानं काय केलं?"

"ते गवत खाल्लं."

"कच्चंच?"

"कच्चंच."

"घरी उकडून द्याले कोणी नोहतं वाटते." मोठमाय विचारात पडली. "अन् देव झाला?"

"झाला. पण मग त्याला जमिनीवर राहवेना. पाण्यात उडी मारली, ती मारलीच. परत कधी गावात आला नाही. मरण नाही, पण म्हातारपण आहे. वर्षातून एकदा किनाऱ्याकिनाऱ्याने फिरतो आणि रडतो म्हणे."

मोठमायने खिडकीबाहेर पाहिलं. चिखल केलेल्या बांध्यांमध्ये, धानाच्या खाचरांत, बाया ओळीने वाकल्या होत्या. "गाव सुटलं बिचाऱ्याचं," ती म्हणाली. मग माझ्याकडे न पाहता, "तू काहून परत आली वं, लले? शिकलेल्या पोट्ट्या येत नाहीत."

मी फोन पुन्हा हातात घेतला. खरं सांगायचं तर मला गाव सुटण्याचीच भीती होती. गवत मेलं तर गावात माझी जागा काय? मासे धरणारी मी राहिले नव्हते, आणि शिकून काही करून दाखवलेलीही नव्हते. त्या देवासारखी अर्धी इकडची, अर्धी तिकडची.

शेवंताताईने तांदळाच्या पिठाचे आयते, म्हणजे घावन, केले होते आणि वांग्यात झिंगे. झिंगे सुकवलेले, बाजारातले. तिच्या सासरचं सगळं जगणं धानावर. आमच्याकडे पाहुण्याला आधी विचारतात, तलाव कसा आहे. तिच्याकडे सासूने विचारलं, "तुमच्याकडचे पऱ्हे कसे आहेत?" पऱ्हे म्हणजे धानाची कोवळी रोपं. मी म्हटलं, चांगले आहेत. मला माहीत नव्हतं.

बपेरा

सकाळी गजूभाऊची पिकअप ठरवली. गजूभाऊ शेवंताताईच्या गल्लीतला, बोलका, दर दोन वाक्यांनी हॉर्न वाजवणारा. तुमसर सोडून वर गेलं की मराठीत हिंदी मिसळायला लागते, आणि बपेऱ्याला पोचेपर्यंत कोणती कोणात मिसळली ते कळत नाही. पलीकडे मध्यप्रदेश.

तलाव दिसला. कडेकडेने देवधान उभं होतं. देवधान म्हणजे आपोआप उगवणारं रानटी धान, कोणी पेरत नाही. त्याच्या पुढे पांज नावाच्या पाणवनस्पतीची गोल पानं पाण्यावर पसरलेली, छोटी पांढरी फुलं. पाण्याच्या आत गाद, हिरव्या केसांसारखी हलणारी. आणि मध्येच बुडबुडा. मासा. मी लहानपणी आमचा तलाव असाच पाहिला होता, पण मधल्या वर्षांत मला वाटायला लागलं होतं की तो मी मनानेच रंगवला असेल.

पारीवर धुरपताबाई, फोनवर गवताची खबर देणाऱ्या, आमची वाट पाहत होत्या. वयाने मोठमायएवढ्या, आवाजाने दुप्पट. "इतनी दूरून घास न्याले आल्या? तुमच्या इकडं घास नाही उगत?"

"उगत होती," मोठमाय म्हणाली. "आम्हीच खाल्ली."

दोघींचं तिथून जमलं.

आम्ही कमरेएवढ्या पाण्यात उतरलो. मुळासकट, चिखलासकट काढायचं, एका जागचं सगळं काढायचं नाही, असं धुरपताबाईंनी बजावलं. मध्ये जेवायला पारीवर बसलो. भात आणि लाखोळीची डाळ, आणि त्यांच्या तलावातली शिंगूर. मी शिंगूर किती वर्षांनी खाल्ली सांगता येत नाही.

मोठमायने तिथेही माझ्या देवाला ओढून आणलं. मग मला पुढची गोष्ट सांगावी लागली. ग्लॉकसचं स्किला नावाच्या मुलीवर मन गेलं. ती त्याचं शेवाळ आणि शेपटी पाहून पळाली. तो सर्सी नावाच्या जादूगारणीकडे गेला, म्हणाला, हिचं मन वळवायचं औषध दे. सर्सीलाच तो हवा होता. तो नाही म्हणाला, तेव्हा तिने, ती मुलगी जिथे अंघोळ करायची त्या पाण्यात विष कालवलं. मुलगी पाण्यात उतरली आणि कमरेखाली कुत्र्यांची तोंडं फुटलेली राक्षसीण झाली.

"पोरीचा काय गुन्हा?" धुरपताबाई एकदम म्हणाल्या.

"काहीच नाही."

"तिले विचारलं होतं का कोणी?"

"नाही."

"मंग हा तुमचा देव काही खास नाही." त्यांनी ताटात पाणी ओतून हात धुतला. "दोघाच्या भांडणात पाणी नासलं. पाण्यात जो उतरंल तो भोगंल. असंच होते."

पुस्तकात या गोष्टीचं तात्पर्य वेगळं होतं, मत्सराबद्दल काहीतरी. मला धुरपताबाईंचं पटलं.

निघताना त्यांनी जे केलं ते मी आधी कुठे पाहिलं नव्हतं. पोत्यांत बांधलेल्या गवताला हळदकुंकू लावलं, वर मूठभर तांदूळ टाकले, एक नारळ ठेवला. पोरीची ओटी भरतात तशी. "आमची पोरगी देऊन राहिलो," त्या म्हणाल्या. "नवरीले वाटेत मुक्काम करवत नाहीत. आजच्या आज सासरी पोचवजा. उद्या नाही."

"आजच पोचवतो," मी म्हटलं. मान डोलावताना मी गजूभाऊकडे पाहिलं. त्याने हॉर्न वाजवला.

परत करडी

तुमसर यायच्या आधीच टायर बसला. गजूभाऊ उतरला, चाकाकडे पाहिलं, मग आकाशाकडे.

"स्टेपनी?" मी विचारलं.

"साळ्याच्या गाडीत आहे."

"अन् साळा?"

"साळा गोंदियाले."

मोठमायने कपाळावर हात मारला. ऊन नव्हतं, पण उकाडा असा होता की पोत्यांतून वाफ निघेल. आम्ही रस्त्याकडेच्या बोअरिंगवरून पाणी आणून पोत्यांवर ओतत होतो. जाणारे-येणारे थांबून विचारायचे, "कोणती भाजी आहे वं?" एका बाईने तर पोत्यात हात घालून एक जुडी काढलीसुद्धा. "ही शिजवतेत कशी?" मोठमाय म्हणाली, "खाऊन पाय, देव होशीन." ती बाई जुडी टाकून निघून गेली.

पंक्चर निघेपर्यंत दिवस कलला. लाखांदूर गाठणं शक्य नव्हतं. करडीलाच थांबावं लागलं. "नवरी वाटेत थांबली," मोठमाय पुटपुटली. मी म्हटलं, "मोठमाय, तो फक्त रिवाज आहे." माझा स्वतःचा आवाज मला पोकळ ऐकू आला. पोती मी न्हाणीपाशी सावलीत ठेवली, पुन्हा भिजवली, आणि झोपताना शेवंताताईला म्हटलं, "याला जपजो बाई, माझा जीव आहे यात."

तिने जपलं.

सकाळी मी उठून बाहेर आले तर अंगणात गवताच्या पेंड्या ओळीने मांडल्या होत्या. एकसारख्या, सुंदर बांधलेल्या. मुळं धुऊन पांढरी स्वच्छ. चिखलाचा कण नाही. शेवंताताई रोवणीला जायच्या आधी, अंधारात उठून, तासभर वाकून हे करून बसली होती. तिच्या हिशेबाने ते पऱ्हेच होते. पऱ्हे उपटले की मुळं धुवायची, पेंड्या बांधायच्या, मग लावायचे. तिच्या सासरी कोणी चिखलाने भरलेले पऱ्हे बांधीत नेले तर शेजारी हसतील.

"किती चिखल होता वं लले," ती म्हणाली. "सारा धुतला. आता लावाले सोपं."

मी खाली बसले. त्या चिखलातच सगळं होतं. बपेऱ्याच्या तलावाचा चिखल, त्यातलं बी, त्यातले जीव. तो परसातल्या भेंडीच्या आळ्यात वाहून गेला होता. मला ओरडायचं होतं. मोठमायनेही तोंड उघडलं होतं. पण शेवंताताईचे हात पाहिले, पाण्याने सुरकुतलेले, आणि मला सर्सीच्या दारात उभा असलेला ग्लॉकस आठवला. औषध मागायला गेला. आपल्याला नेमकं काय हवं, कशासाठी, हे दुसऱ्याच्या हातात देताना नीट बघितलं नाही. ही काही सर्सी नव्हती, ही माझी बहीण होती. पण जप म्हणाले मी, आणि काय जपायचं ते सांगितलंच नव्हतं.

शेवंताताईला आमचे चेहरे पाहून कळलं. ती रडायला लागली.

"रडू नको," मोठमाय म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम कामाचा झाला. "देवधान तरी धानाचीच बहीण आहे. पऱ्हे धुऊन जगतेत, तं तेही जगंल. तुमच्या गावच्या तलावातला चिखल आण. बादली घे. रड मंग."

गजूभाऊ, शेवंताताई, तिची सासू, सगळे तलावाकडे धावले. काळा चिखल आणला. एकेका पेंडीची मुळं त्यात बुडवून पुन्हा ओल्या पोत्यात घातली. रोवणीला उशीर झाला म्हणून शेवंताताईला दिवसभर बोलणी बसली असतील. ती काही म्हणाली नाही. निघताना तिने नारळ पुन्हा पोत्यावर ठेवला, जिथे होता तिथेच.

घर

पवनीच्या पुढे गजूभाऊने दोनदा गाणं लावलं, दोनदा बंद केलं. तलावावर बाया वाट पाहत होत्या, माय सगळ्यांत पुढे. देवळाकडच्या कोपऱ्यातली बेशरम त्यांनी आधीच मुळासकट काढून ठेवली होती. आम्ही पाण्यात उतरलो आणि सांजवेळेपर्यंत लावत राहिलो, धान लावतात तसं, मागे सरकत. पारीवर काही पुरुष उभे राहून पाहत होते. "रोवणी कोणाच्या शेतात वं?" एकाने विचारलं. माय म्हणाली, "तुह्या सासऱ्याच्या."

त्यानंतरचे दिवस मला प्रवासापेक्षा लांब गेले. पांज आधी पिवळी पडली, मग काळी, मग सडून वर आली. मी रोज सकाळी जायची आणि रोज कमी दिसायचं. संस्थेतले ते काका एकदा म्हणाले, "पाहून घेतलं ना?" घरी बाबा आले होते. संध्याकाळी ते पारीवर येऊन माझ्या शेजारी बसले. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी विचारलं, "तो तुझा देव. रडल्यावर काय करत होता?"

मोठमायने सांगितलं असेल त्यांना. मी म्हटलं, "मच्छीमारांना वादळाची आगाऊ खबर द्यायचा. कोणी बुडत असलं तर वाचवायचा. त्याच्या गावचे लोक म्हणायचे, आम्ही त्याच्याच वंशातले."

"मंग कामाचा होता," बाबा म्हणाले. ते उठले, लुंगी खोचली आणि पाण्यात उतरले. देवधानाच्या बुडाशी हात घालून चाचपत राहिले. मी काठावर उभी. त्यांनी काहीतरी धरलं, वर काढलं नाही, नुसतं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"फुटवा आहे," ते म्हणाले. "नवा आहे."

पांज गेली. गाद निम्मी राहिली. देवधान सगळं लागलं, आणि हंगाम संपेपर्यंत त्याने कोपरा धरला. त्याच्या बुडाशी मरळीची पिल्लं दिसली, तांबूस, झुंडीने, आणि त्यांच्यावर राखण करणारी मोठी मरळ. बाबांनी नागपूरचं काम सोडलं की नाही हे विचाराल, तर सोडलं. जाळं खुंटीवरून काढलं. मी बपेऱ्याला फोन केला. धुरपताबाईंना सांगितलं, वाटेत मुक्काम झाला होता, आणि शेवंताताईने पोरीला न्हाऊ घातलं होतं. त्या जोरात हसल्या. म्हणाल्या, "मंग नांदते ना?"

"नांदते," मी म्हटलं.

हंगामानंतरच्या बैठकीत ठेक्याचा विषय निघाला आणि हात वर करून संपला. तलाव आमच्याकडेच राहिला. या वर्षी आम्ही दुसऱ्या कोपऱ्यात गवत लावलं, आमच्याच तलावातलं.